निवृत्तीच्या उंबरठ्यावर ऑप्शनचा अभ्यास

माध्यमिक शाळेत गणित शिकवणारा मी एक सामान्य शिक्षक. अर्थशास्त्राचा मी पंडित नाही आणि शेअरबाजाराचा दलालही नाही. तरीसुद्धा ज्या विषयावर आज चार शब्द बोलावयाचे आहेत, तो शेअरबाजारातीलच आहे आणि तोही त्यातील अवघड समजला जाणारा. या विषयाकडे मी वळलो तो आमच्या शाळेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांमुळे. २०२४ सालच्या जानेवारीत त्यांच्या निवृत्तीस तीन वर्षे राहिली होती. मुले मार्गी लागलेली, घराचे कर्ज फिटलेले, संध्याकाळ मोकळी. अशा वेळी कोणी बाग करतो, कोणी पेटी शिकतो. आमच्या सरांनी ‘ऑप्शन’ शिकावयाचे ठरवले. हेतू दुहेरी होता. बुद्धीला खाद्य मिळावे आणि निवृत्तीनंतर दरमहा थोडी मिळकतही व्हावी. त्यांनी मला विचारले, “तुम्ही गणिताचे. या हिशोबात कोठे चूक आहे का, ते सांगा.” त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला जे उमगले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

ऑप्शन म्हणजे पर्याय किंवा हक्क. ही कल्पना आपल्याला वाटते तितकी परकी नाही. समजा, गावाबाहेरील एक भूखंड दहा लाखांना विकाऊ आहे. आपल्याजवळ आज पैसे नाहीत, पण तीन महिन्यांनी येणार आहेत. आपण मालकाला वीस हजार रुपये देतो आणि लिहून घेतो की, तीन महिन्यांच्या आत मला वाटल्यास ही जमीन मी दहा लाखांना घेईन. घेतलीच पाहिजे असे बंधन मात्र माझ्यावर नाही. पुढे भाव अकरा लाखांवर गेला, तर आपण हक्क बजावतो आणि वीस हजार वजा जाता ऐंशी हजारांचा लाभ पदरात पडतो. भाव नऊ लाखांवर आला, तर आपण तो कागद फाडून टाकतो. वीस हजार गेले, त्याहून अधिक काही जात नाही. आपल्याकडील इसारासारखाच हा प्रकार दिसतो. भेद इतकाच की, इसाराची रक्कम पुढे किमतीत वळती होते, ऑप्शनची होत नाही. ती हक्काची किंमत असते. बाजारात तिला प्रीमियम म्हणतात.

खरेदीच्या अशा हक्कास ‘कॉल’ आणि विक्रीच्या हक्कास ‘पुट’ असे नाव आहे. पुट म्हणजे एका परीने विमाच होय. आपल्याजवळील शेअरांचा भाव कोसळला, तरी ठरलेल्या किमतीला ते विकण्याचा हक्क आपल्या हाती राहतो.

ही युक्ती फार जुनी आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता थेलीस याने हिवाळ्यातच थोडी थोडी अनामत देऊन ऑलिव्हचे घाणे राखून ठेवले आणि पीक भरघोस येताच ते आपल्या दराने भाड्याने दिले, अशी कथा अॅरिस्टॉटलने सांगितली आहे. मुंबईच्या जुन्या बाजारांतही अशा हक्कांचे सौदे ‘तेजी-मंदी’ या नावाने चालत. कापसातील अशा सौद्यांना १९३९ साली मुंबई प्रांतात कायद्याने बंदी झाली. पुढे १९५६ च्या रोखे करार नियमन कायद्याने शेअरांतील ऑप्शनवरही बंदी घातली. ती १९९५ साली उठली. निर्देशांकावरील, म्हणजे निफ्टीवरील, ऑप्शनचे व्यवहार राष्ट्रीय शेअरबाजारात ४ जून २००१ रोजी सुरू झाले. म्हणजे अधिकृत बाजारातील हा व्यवहार आपल्याकडे एकविसाव्या शतकातच सुरू झाला.

आता हक्काची किंमत ठरते कशी? त्यात दोन भाग असतात. हक्क आत्ताच बजावला तर जे मिळेल, तो पहिला भाग. दुसरा भाग असतो आशेचा, म्हणजे मुदतीचा. मुदत जितकी लांब आणि बाजार जितका चंचल, तितका हा भाग मोठा. पण तो सरळ प्रमाणात वाढत नाही. भावाच्या जवळपासचा हक्क घेतला, तर चौपट मुदतीला किंमत साधारण दुप्पट पडते. याचाच व्यत्यास असा की, मुदत संपत येते तसा हा भाग अधिकाधिक वेगाने झिजतो. मासळीबाजारात सकाळी आणलेली बर्फाची लादी पाहावी. कोणी तिला हात लावला नाही, तरी ती वितळतच असते. ऑप्शन विकत घेणाऱ्याच्या हाती अशी लादी असते. त्याचा अंदाज नुसता बरोबर येऊन भागत नाही. तो वेळेत बरोबर यावा लागतो. बाजार आहे तेथेच राहिला, तरी तो हरतो.

आमच्या सरांनी हे सारे चटकन जाणले आणि त्यातून एक तर्क काढला. ते म्हणाले, “विकत घेणारे बहुतेक वेळा हरतात, तर विकणारा बहुतेक वेळा जिंकणार. मग आपण हक्क विकत घ्यावयाचाच नाही, विकावयाचा. दर आठवड्यास प्रीमियम घ्यावा आणि स्वस्थ बसावे. ही तर पेन्शनवर पेन्शन झाली!” हा तर्क पोकळ नव्हता. विकणारा खरोखरीच अधिक वेळा जिंकतो. पण विमा कंपनीही बहुतेक दिवस नुसते हप्तेच गोळा करीत असते. तिचा कस लागतो तो पुराच्या दिवशी. विकणाऱ्याचा लाभ प्रीमियमपुरता मर्यादित असतो. नुकसान मात्र त्याच्या अनेक पटींनी होऊ शकते.

सरांनी घाई केली नाही, हे त्यांचे शहाणपण. त्यांनी शंभर पानी वही आणली आणि प्रत्यक्ष पैसे न घालता कागदावरच सौदे मांडावयास प्रारंभ केला. जानेवारी ते मे २०२४ या काळात बहुतेक आठवडे लाभाचे निघाले. मग जून उजाडला. लोकसभेच्या निवडणुकीचे मतदान आटोपले होते आणि मतदानोत्तर अंदाजांनी बाजार हर्षभरित झाला होता. सोमवार, ३ जून रोजी निफ्टी सव्वातीन टक्क्यांनी वाढून २३,२६३ वर बंद झाला. सरांनी वहीत लिहिले : २२,८०० चा पुट विकला, मुदत गुरुवार ६ जूनची, चार लॉट. त्या वेळी निफ्टीचा एक लॉट पंचवीस नगांचा असे. म्हणजे एकूण शंभर नग. हिशोबाच्या सोयीसाठी प्रीमियम नगास १०० रुपये धरू. एकूण हाती आले दहा हजार.

मंगळवारी, ४ जूनला, मतमोजणी झाली. निकाल अंदाजांप्रमाणे लागला नाही आणि निफ्टी १,३७९ अंकांनी, जवळजवळ सहा टक्क्यांनी, घसरून २१,८८४ वर बंद झाला. बुधवारी तो २२,६२० वर आला. गुरुवारी मुदतीच्या दिवशी तो २२,८२१ वर बंद झाला, म्हणजे सरांच्या आकड्याहून एकवीस अंक वर! पुट निकामी ठरला आणि वहीत दहा हजारांचा लाभ जमा झाला. शुक्रवारी सर शाळेत आले ते मोठ्या प्रसन्न मुद्रेने. म्हणाले, “भूकंप झाला, पण आपल्या घराचे कौलही हलले नाही.”

मी म्हटले, “सर, मंगळवारचा हिशोब दाखवा.”

वहीत मंगळवारचा हिशोब नव्हता. तो आम्ही दोघांनी मधल्या सुट्टीत बसून मांडला. हक्क विकणाऱ्याला दलालाकडे अनामत ठेवावी लागते. तिला मार्जिन म्हणतात. शंभर नगांसाठी त्यांनी तीन लाख ठेवले असते, असे आम्ही धरले. मंगळवारी बाजार बंद होताना तो पुट निदान ९१६ रुपयांचा झाला होता, म्हणजे शंभर नगांचे ९१,६०० रुपये. दिवसभरात निफ्टी एका क्षणी सुमारे २१,२८० पर्यंत उतरला होता. त्या क्षणी हाच आकडा दीड लाखाच्या वर जातो. अनामतीतून निम्मी रक्कम नाहीशी. अशा वेळी दलाल आणखी पैसे मागतो. ते वेळेवर न दिल्यास तो आपल्याला न विचारता, त्या क्षणी जो भाव असेल त्या भावाने, सौदा बंद करतो. दहा हजारांच्या आशेने केलेल्या सौद्यात त्या दुपारी लाखाहून अधिक रक्कम गेली असती. दोन दिवसांनी बाजार सावरला, याचा त्या माणसास काहीच उपयोग नव्हता, कारण तो तेव्हा बाजारात उरलाच नसता.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वहीत उभी रेघ ओढून एक नवा रकाना पाडला आणि वर लिहिले : ‘मधली सर्वांत वाईट स्थिती’. माझ्या मते त्यांच्या अभ्यासाचा खरा प्रारंभ त्या दिवशी झाला.

श्रोतेहो, मला जे सांगावयाचे आहे ते या रकान्यात आहे. या व्यवहारात अंदाज बरोबर असणे ही अर्धीच गोष्ट होय. उरलेली अर्धी म्हणजे तो अंदाज खरा ठरेपर्यंत टिकून राहण्याची ताकद. निवृत्तीच्या जवळ आलेल्या माणसापाशी अनुभव असतो, संयम असतो, वेळही असतो. पण हानी भरून काढण्याची वर्षे त्याच्यापाशी उरलेली नसतात. साधे गणित करून पाहा. भांडवलाचा निम्मा भाग गेला, तर पूर्वस्थितीस येण्यासाठी उरलेली रक्कम दुप्पट व्हावी लागते. द. सा. द. शे. ८ या चक्रवाढ दराने रक्कम दुप्पट होण्यास सुमारे नऊ वर्षे लागतात. तिशीतल्या माणसाची ती नऊ वर्षे पगारात निघून जातात. अठ्ठावन्नाव्या वर्षी ठेच लागलेला माणूस सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा जेथल्या तेथे येतो, आणि मधल्या काळात त्याला त्याच पैशांतून खावयाचेही असते.

टिकून राहण्याची ताकद विद्वत्तेने येत नाही, याचेही उदाहरण इतिहासात आहे. ऑप्शनच्या किमतीचे प्रसिद्ध सूत्र फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ साली प्रसिद्ध केले. त्या कामासाठी शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांना १९९७ चे अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिक मिळाले. ब्लॅक १९९५ सालीच निवर्तले होते. शोल्स आणि मर्टन हे दोघेही अमेरिकेतील लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या गुंतवणूक संस्थेत भागीदार होते. १९९८ साली ती संस्था बुडू लागली आणि चौदा वित्तसंस्थांना सुमारे ३६० कोटी डॉलर घालून ती सावरावी लागली. सूत्र रचणाऱ्यांनाच जेथे असा प्रसंग आला, तेथे तुम्हाआम्हांस शिकवणीच्या तीन महिन्यांत काय कवच लाभणार?

आपल्या देशातील आकडेही बोलके आहेत. सेबी या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर वायदे व ऑप्शनच्या बाजारात एक कोटीहून अधिक व्यक्ती उतरल्या. त्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. खर्च धरून हा तोटा दर माणशी सरासरी सुमारे दोन लाख रुपये भरला. सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेला. पुढील वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्येही, तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के होते. मग हा पैसा गेला कोठे? २०२३-२४ या एका वर्षात, खर्च वजा करण्यापूर्वी, स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८,००० कोटी रुपये नफा मिळवला. आणि त्यातील फार मोठा भाग संगणकाने आपोआप होणाऱ्या सौद्यांचा होता. संध्याकाळी वही उघडून बसणाऱ्या शिक्षकासमोर पटावर कोण बसलेले आहे, हे यावरून कळावे. दलालाची दलाली, कर आणि शुल्क ही हरणाऱ्यालाही द्यावी लागतात आणि जिंकणाऱ्यालाही.

मग ऑप्शन हे सर्वथा त्याज्य आहे काय? तसे मी म्हणणार नाही. विमा म्हणून त्याचा उपयोग खरा आहे. एखाद्याची चाळीस लाखांची गुंतवणूक शेअरांत आहे आणि सहा महिन्यांनी त्याला घरासाठी पैसे लागणार आहेत. त्याने पुट विकत घेऊन तेवढ्यापुरती धास्ती दूर केली, तर ते शहाणपणच. पण येथेही एक मेख आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने सेबीने निर्देशांकावरील कराराचे किमान मूल्य १५ लाख रुपये केले. पूर्वी ते ५ ते १० लाख होते. लहान माणसाने सहज या आगीत हात घालू नये, हा त्यामागील एक हेतू. परिणाम मात्र असाही होतो की, ज्याची शेअरांतील शिल्लक चार लाखांची आहे, त्याला आपल्या मापाचा विमा मिळत नाही. चार लाखांच्या घरावर पंधरा लाखांचा विमा उतरवणे हा विमा नव्हे. तो सट्टा होय, मग त्याचे नाव काहीही असो.

दोन व्यावहारिक गोष्टीही ध्यानात असाव्यात. ऑप्शनचा नफा हा प्राप्तिकराच्या दृष्टीने धंद्याचे उत्पन्न समजला जातो. त्यामुळे पगारदारांचे साधे विवरणपत्र चालत नाही, आणि झालेला तोटा पगारातून वजा करून मिळत नाही. तो पुढील आठ वर्षे धंद्याच्याच नफ्यातून वळता करता येतो. दुसरी गोष्ट, जे अजून नोकरीत आहेत त्यांच्यासाठी. केंद्र सरकारी नोकरांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील १६ वा नियम सांगतो की, सरकारी नोकराने शेअरांत सट्टा करू नये. आणि वारंवार केलेली खरेदी-विक्री सट्टाच मानली जाते. प्रसंगोपात्त केलेल्या गुंतवणुकीस मुभा आहे. आपल्या नोकरीस कोणते नियम लागू आहेत, हे प्रत्येकाने आधी विचारून घ्यावे. पस्तीस वर्षांच्या निष्कलंक सेवेस शेवटच्या वर्षी डाग लागू नये.

तेव्हा ज्यांना या विषयाची खरोखरीच गोडी आहे, त्यांना माझे सांगणे असे. प्रथम निवृत्तीचा पैसा वेगळा काढावा. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाण्याची पुंजी यांतील एक रुपयाही या वहीशी जोडू नये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसारख्या सरकारी योजनांत व्याजाचा दर ठरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून त्या योजनेची मर्यादा ३० लाखांपर्यंत वाढली आहे. तेथे चुरस नाही, पण झोप आहे. नंतर पुस्तक घ्यावे. सेबीने स्थापन केलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स या संस्थेची या विषयावर प्रमाणपत्र परीक्षा असते आणि तिची अभ्यासपुस्तिकाही मिळते. हमखास कमाईच्या जाहिराती करणाऱ्या शिकवण्यांपेक्षा तो मार्ग स्वस्त आणि सरळ आहे. मग निदान वर्षभर वही लिहावी आणि तीत सरांचा तो रकाना विसरू नये. कारण निव्वळ शेवटचा आकडा लिहिणारी वही आपल्याला फसवते. इतके करूनही प्रत्यक्ष सौदा करून पाहण्याची हौस राहिलीच, तर हक्क विकत घ्यावा, विकू नये; आणि वर्षाकाठी छंदावर जेवढे पैसे आपण हसत घालवू, तेवढीच त्याची सीमा ठेवावी. पेटी शिकणाऱ्याने पेटीवर केलेला खर्च तो परत मागत नाही, तसेच हे. हरलेले परत मिळवण्यासाठी रक्कम वाढवावीशी वाटली, तर त्या दिवशी वही मिटावी. सेबीच्या त्याच पाहणीत असे दिसले की, तोटा झालेल्यांपैकी पाऊणशे टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा त्याच बाजारात उतरत राहिले. हरणे हे दुःख खरे. पण घर पोखरते ते हे पुन्हा पुन्हा उतरणे.

आमच्या सरांचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. त्यांनी वही सोडली नाही. दोन वह्या भरल्या, तिसरी चालू आहे. नव्या रकान्यासह मागील सर्व सौदे त्यांनी पुन्हा तपासले आणि हिशोब नीट लावला, तेव्हा आपली ‘पेन्शनवर पेन्शन’ कोणत्या पायावर उभी होती, ते त्यांचे त्यांनाच दिसले. निवृत्तीचे पैसे कोठे ठेवावयाचे, हे त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने एका रविवारी शांतपणे बसून ठरवले. त्या यादीत ऑप्शन नाही. मात्र नववीच्या वर्गास संभाव्यता शिकवताना आजकाल ते फाशांच्या जोडीला निफ्टीचे आकडे घेतात आणि मुलांना विचारतात, “दहापैकी नऊ वेळा जिंकणारा खेळाडू शेवटी कंगाल कसा होईल, सांगा पाहू?” मागच्या बाकावरच्या एका मुलीने उत्तर दिले, “सर, दहाव्या वेळी किती हरला ते सांगा, मग सांगते.”

तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले.